आत्याला वाचून दाखवलेला प्रबंध

आत्याच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन कंपू भागातल्या दवाखान्यात झालं आणि पंधरा दिवस वाचायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं. मी तेव्हा प्रबंध लिहायला शिंदे की छावनी या मोहल्ल्यातल्या तिच्या घरी येऊन राहिले होते. आयुष्यभर शाळेत गणित शिकवलेल्या बाईला नुसतं बसवेना. दुसऱ्याच दिवशी तिनं मला समोर बसवलं आणि म्हणाली, वर्तमानपत्र नको, तू जे लिहिते आहेस तेच वाच.

माझा विषय क्वांटम कॉम्प्युटर. त्यातले क्यूबिट, म्हणजे माहिती धरणारे सगळ्यात छोटे घटक, फार विसराळू, दिलेली अवस्था क्षणभरच धरून ठेवणारे. सगळं काम तेवढ्यात उरकावं लागतं. तीन क्यूबिटांनी मिळून करायची क्रिया एरवी दोघादोघांच्या छोट्या पायऱ्यांत तोडतात आणि त्यात वेळ जातो. मी तिघांना एकाच ठोक्यात, म्हणजे बाहेरून दिलेल्या लहरींच्या एकाच झटक्यात, हलवायचं ठरवलं होतं. ठोका जितका आखूड, तितकं माझं उत्तर चांगलं येत होतं. मी खूश होते.

आत्या काळा चष्मा लावून ऐकायची. घरात आम्ही मराठीच बोलतो, पण शाळेत तिनं हिंदीतून शिकवलेलं, त्यामुळे गणित निघालं की तिची भाषा आपोआप बदलायची. चौथ्या दिवशी तिनं मला थांबवलं.

"एक क्यूबिट में स्तर कितने होते हैं?"

"ऊर्जेचे स्तर पुष्कळ असतात. आपण खालचे दोनच वापरतो."

"वापर दोन. पर हिसाब में भी दो ही लिए?"

मी हो म्हटलं, आणि पुढचं वाक्य वाचवेना. जोरात ढकललेला क्यूबिट वरच्या, तिसऱ्या पातळीवर निसटू शकतो, हे मला ठाऊक होतं. सुरुवातीला सोपं जावं म्हणून ती पातळी सोडली होती, नंतर घ्यायची राहूनच गेली. त्या दुपारी ती धरून गणित पुन्हा केलं, तर माझा सगळ्यात वेगवान ठोका साफ आपटला.

मी आत्यावरच रुसले, जेवायलाही उठले नाही. तिनं समजूत घातली नाही. काळा चष्मा डोळ्यांवर तसाच ठेवून दोन ताटं वाढली आणि म्हणाली, "गलत नहीं है, अधूरा है. जेव आधी."

नंतरचे आठ-दहा दिवस त्यातच गेले. ठोका एकदम न मारता हळूहळू चढवला, हळूहळू उतरवला. तो पहिल्याइतका आखूड राहिला नाही, पण पायऱ्यापायऱ्यांनी करण्यापेक्षा वेळ बराच कमी लागला आणि निसटणं जवळजवळ थांबलं. ही चूक कुणी पकडली, असं माझ्या मार्गदर्शकांनी फोनवर विचारलं. आत्यानं, म्हटलं, तर त्यांना ती थट्टा वाटली.

डोळा बरा झाल्यावर आम्ही गावातच हजीरा भागात तिच्या एका जुन्या विद्यार्थिनीकडे गेलो. चहा निवून गेला तरी आत्या तिला क्यूबिट समजावून सांगत होती. दोन ठिकाणी चुकली. ते दुरुस्त करायचं सोडून मी माझा गार चहा संपवला.