लॉक नटाची टोपी

चाकाच्या नटावरची प्लास्टिकची टोपी गोंदाने चिकटवणारा माणूस अख्ख्या लखनौत मी एकटाच असेन.

चाक चोरीला जाऊ नये म्हणून प्रत्येक चाकाचा एक नट वेगळ्या घडणीचा असतो. त्याला लॉक नट म्हणतात आणि तो त्याच्या खास चावीनेच उघडतो. आमच्या गाडीच्या एका लॉक नटावरची टोपी सारखी गळून पडायची. दोनदा मी ती इथल्याच कपूरथला भागातल्या बाजारात वाकून वाकून शोधली. तिसऱ्यांदा पडली तेव्हा मात्र माझ्यातला शास्त्रज्ञ जागा झाला. संशोधन संस्थेत गेली पंचवीस वर्षं मी वस्तू एकमेकींना चिकटवतो, आणि त्या सुटल्या नाहीत की खूश होतो. टोपी अशी बसली की बस! बायकोला मात्र बोललो नाही. मोठ्या कामाचा गवगवा करू नये.

दोन महिन्यांनी, सासूबाई यायच्या त्याच सकाळी, नेमकं ते चाक पंक्चर निघालं.

सासूबाई पुण्याहून विमानाने दुपारी अमौसी विमानतळावर उतरणार होत्या आणि त्यांना आणायला गाडी बायको चालवणार होती. हे वाटतं तितकं साधं नव्हतं. शाळेत असताना ती सायकलवरून पडली, तेव्हा सासूबाईंनी सायकल विकून टाकली होती. ‘हिचं लक्ष नसतं’ हे वाक्य माहेरी तेव्हापासून चालू होतं. पन्नाशीला आल्यावर आमच्या महानगर नावाच्या वस्तीतल्या गल्ल्यांतून, ई-रिक्षा, सांड आणि माझ्या सूचना चुकवत ती गाडी शिकली. लायसन्स मिळालं तरी आईला फोनवर एका अक्षराने सांगितलं नव्हतं.

“टॅक्सी बोलावू का?” मी विचारलं.

“टॅक्सीनेच आणायचं होतं तर सहा महिने मी काय करत होते?”

मी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. चार टोप्या निघाल्या. पाचवीची नुसती कड तुटून हातात आली; बाकीची नटावर जिथल्या तिथे. मग अलीगंजच्या ओळखीच्या मिस्त्रींना फोन केला. ते स्कूटरवरून आले. पिकलेली दाढी, इस्त्रीचा कुर्ता. वाकून त्यांनी बराच वेळ टोपी न्याहाळली.

“जनाब, ये किस ज़ालिम ने चिपकाया है?”

“पता नहीं,” मी म्हणालो. “पहले वाले मालिक ने किया होगा।”

मागून बायकोचा आवाज आला, “अहो, गाडी आपण नवीनच घेतली होती ना?”

मिस्त्री सभ्य माणूस. त्यांनी नजर चाकावरच ठेवली. मग मी सगळं सांगितलं. माझा विषय, माझा गोंद, त्याची ताकद. ताकदीबद्दल जरा जास्तच बोललो असेन.

“बरं, मग तो सोडवायचा कसा?” बायकोने विचारलं. “की ते शिकवतच नाहीत तुमच्याकडे?”

खरं सांगायचं तर हा प्रश्न मला संस्थेत कुणी कधी विचारला नव्हता. तरी उत्तर येत होतं.

“तापवला की मऊ पडतो.”

“मग हे आत्ता सांगताय?” म्हणत ती आत गेली आणि उकळत्या पाण्याचं पातेलं चिमट्यात धरून घेऊन आली. मिस्त्रींनी टोपीवर जुनं फडकं दाबलं, त्यावर ती धार सोडत राहिली. दोन पातेली झाली. घड्याळाकडे ती एकदाही बघत नव्हती, त्यावरून मला तिची घालमेल कळत होती. तिसऱ्या पातेल्यानंतर मिस्त्रींनी टोपीत एक स्क्रू पिळून बसवला, स्क्रूचं डोकं पकडीत धरलं आणि हलके हलके फिरवत ओढलं. टोपी निघाली.

“लीजिए बहनजी। अब आराम से जाइए, जल्दी मत कीजिएगा।”

स्टेपनी चढवून आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, तोंड बंद ठेवायच्या अटीवर.

आम्ही पोचलो तेव्हा सासूबाई बॅगेवर हात ठेवून बाहेर उभ्याच होत्या. लेक स्टीअरिंगवर बसलेली पाहून त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं.

“अगंबाई! तू चालवणार? आणि हे?”

“हे मागे बसतात. तू पुढे ये, आई.”

त्या पुढे बसल्या. एका हाताने दारावरचं हँडल आणि दुसऱ्याने पट्टा गच्च धरून. पहिल्या चौकात “हळू गं” झालं, दुसऱ्यात “तो बघ, तो बघ” झालं. मग बराच वेळ काहीच आलं नाही. मला वाटलं, रुसल्या असतील.

संध्याकाळी सासूबाई आत पडल्या होत्या. मी चहा केला आणि बायकोची माफी मागायला बसलो. गोंदाची, खोटं बोलल्याची, सकाळच्या उशिराची, अशी एकत्रच. तिचं माझ्याकडे लक्षच नव्हतं.

“अहो, आई झोपली होती,” ती म्हणाली. “नदीच्या पुलापासून घरापर्यंत. पाहिलंत ना तुम्ही? मी चालवत होते, आणि आई झोपली होती.”