शपथेच्या वेळी मी समोर होतो

मॅट्रिकच्या वर्गात असताना पुढं काय करणार असं कुणी विचारलं, की मी ‘मास्तर’ म्हणून मोकळा व्हायचो. माझ्या वडिलांना, आबांना, तेच हवं होतं. मास्तराला मान असतो आणि कुणाशी वैर धरावं लागत नाही. वकिलाचं नाव काढलं तरी ते तोंड वाकडं करायचे. आणि त्याच वर्षी त्यांच्यावर भोरच्या कोर्टात उभं राहायची पाळी आली.

हिर्डोशीला आमचं भाताचं एकच धड खाचर. त्याला पाणी यायचं ते वरच्या अंगाच्या चुलत्याच्या खाचरातून, आजोबांच्या काळापासून. चुलत्यानं बांधाचं तोंड दगडमातीनं बुजवलं आणि वर म्हणाला, इथं पाण्याला वाट कधी नव्हतीच. ऐन पोटरीत आलेलं भात करपलं. भाऊबंदांच्या भांडणात पडायला गावात कुणी तयार होईना. शेवटी आबांनी दावा लावला, पण कागद नव्हता, साक्षीदार नव्हता. आबांचा शब्द हाच पुरावा. तो मानला गेला नाही, तर भात कायमचं गेलं.

मी भोरला मावशीकडं राहून शिकत होतो. आदल्या संध्याकाळी आबा चालत आले. जेवताना म्हणाले, “उद्या तू कोर्टात येऊ नगंस. साळंत जा.”

“का?”

“येऊ नगंस म्हनलं न्हवं?”

कारण न सांगता कुणी नको म्हटलं की माझं डोकं फिरतं. सकाळी शाळेत हजेरी लावून मी कोर्ट गाठलं आणि मागच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. चुलत्यानं वकील दिला होता. आबांनी दिला नव्हता. खऱ्याला वकील कशाला, असं त्यांचं म्हणणं.

पुकारा झाला. आबा पिंजऱ्यात उभे राहिले, पागोटं सारखं केलं. शिरस्तेदार म्हणाले, “म्हणा, देवाला स्मरून खरं सांगेन.” आबांनी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यांची नजर माझ्यावर पडली. तोंड मिटलं.

“ऐकू येत नाही काय?” मुन्सफांनी विचारलं.

“येतंय सायेब. म्या खरंच बोलनार हाय. पन शपत न्हाई घेत.”

वकील हसला. “खरं बोलणाऱ्याला देवाची भीती कशाला?” त्याच्यामागून सगळे हसले. एकटा चुलता खाली मान घालून बसला होता, कारण त्याला ठाऊक होतं. आमच्याकडं लेकरासमोर शपथ घेत नाहीत. शपथ खरी असली तरी बोलताना एक शब्द इकडचा तिकडं झाला, तर ती समोरच्या लेकरावर पडते. माझ्याआधीचं मूल कडेवर असताना आबांनी देवळात बेलभंडार उचलून शपथ घेतली होती. ते मूल वर्षभरही टिकलं नाही.

हे माझ्या डोक्यात शिरलं. मी ओरडलो, “साहेब, ते भीत नाहीत, ते माझ्यामुळं...”

पट्टेवाल्यानं माझा दंड धरला. “तू कोण रं? वकील हाईस?”

मला बाहेर काढलं. मी खिडकीखाली उभा राहिलो. आत आबांनी लगेच शपथ घेतली आणि सगळं सांगितलं, पाण्याची वाट, आजोबा, बांध. वकिलानं एकच प्रश्न विचारला, “मघाशी शपथ का नाकारली?”

आबा बोलले नाहीत. शपथेवर असताना माझं नाव कसं घेणार? मी बाहेर मुठी आवळून पुटपुटत होतो, सांगा, आबा, सांगा. मुन्सफांनी त्यांचा शब्द धरला नाही. निकाल चुलत्याच्या बाजूनं लागला.

दुसऱ्या दिवशी शाळेत मी हे इंग्रजीच्या मास्तरांना सांगितलं. ते म्हणाले, “अरे, देवाचं नाव न घेता नुसत्या प्रतिज्ञेवरही साक्ष देता येते. पण तसं मागावं लागतं.” मागायचं कुणी? माझ्या बापाच्या बाजूनं तोंड उघडायला तिथं कुणीच नव्हतं. मला इतका राग आला की वर्गात बसवेना.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा आबा कोरड्या खाचराच्या बांधावर बसले होते. मी म्हणालो, “मी मास्तर होणार नाही. वकिली शिकणार.”

मला वाटलं, आता उठतील आणि निघून जातील.

“मंजी लोकांस्नी शपता घालनार तू?”

“नाही. ज्याला नको असंल, त्याच्या बाजूनं बोलणार.”

त्यांनी बांधावरचं एक ढेकूळ उचललं आणि हातात चुरत राहिले. मग म्हणाले, “शिक. पन कुनाला पिंजऱ्यात उभं करशील, तवा आदी मागं वळून बघ. त्याचं लेकरू भिंतीला टेकून उभं असंल.”