कडक भाकरीचं गठुडं
कारवारला बदलीवर आलोय. रविवारी गावाकडनं, हुलसूरहून कडक भाकऱ्यांचं गठुडं आलं आणि ते सोडताच शेंगाचटणीच्या वासानं लहानपणची सहल आठवली. भाड्याची ट्रॅव्हलर करून आम्ही बारा दिवस फिरलो होतो. गाडीतच झोपायचं, रस्त्याकडेला स्टोव्ह पेटवायचा. आत्यानं महिनाभर टिकतील अशा ज्वारीच्या भाकऱ्या कडक करून बांधून घेतल्या होत्या. सातव्या दिवशी समुद्र लागला. घरातल्या कुणीच तो आधी बघितला नव्हता, त्यामुळं दुपारपर्यंत सगळे पाण्यातच होते. ड्रायव्हर तेवढा दारं उघडी टाकून गाडीत पडला होता. वाळूवर जेवायला बसलो, तर भाकरी मोडेना, चामड्यासारखी वाकायला लागली. आत्यानं गठुड्याची गाठ दोनदा निरखून बघितली. "कुनीतरी वल्ल्या हातानं सोडलंय. गाडीत तूच व्हतास न्हव?" ड्रायव्हर म्हणाला, "अक्का, मी हात बी लावलो न्हाई." सगळ्यांनी त्याच्या ओलसर बाह्यांकडं बघितलं, मीही. पुढचे पाच दिवस तो हॉटेलातच जेवला आणि आत्या गठुडं उशाला घेऊन झोपली. आज संध्याकाळी मी एक भाकरी काढली, तर ती मोडेना, नुसती वाकली. खोलीची दुसरी किल्ली घरमालकिणीकडं असते, हे मला आधी आठवलं. खिडकीतून येणारा समुद्राचा खारा, दमट वारा त्यानंतर.