जाजाच्या अंगणातली पोरं

दुपारचं जेवण अंगावर येतं आणि कंपालातल्या कचेरीत, खुर्चीतच, हेमांगीचा डोळा लागतो. डोक्यात मात्र साहेबांचं पालुपद चालूच: "युगांडा तरुणांचा देश. म्हातारे आहेतच किती? देशाच्या पुढच्या काही दशकांच्या योजनेतलं त्यांचं प्रकरण संध्याकाळपर्यंत काढून टाका." काढा म्हणे! इतके महिने खपून लिहिलंय तिनं.

एवढ्यात समोर जाजा नामुकासा. जाजा म्हणजे तिकडची आजी. हेमांगीची शेजारीण, नुकतीच वारलेली. मेलेल्या माणसानं निदान दारातून यावं! ही थेट मीटिंगच्या टेबलावर शेंगा सोलत बसलेली.

"आधी गुडघे टेक," जाजा म्हणते. थोरांशी बायकांनी गुडघे टेकून बोलायची तिथली रीत. म्हातारीला मराठी कधीपासून यायला लागलं, हे विचारायचं हेमांगीला सुचत नाही. ती टेकते, तर खाली फरशी नाहीच. जाजाच्या अंगणातली चटई आहे.

"जाजा, मला कामं आहेत."

"मला नव्हती? पोरं वाढवली, ती पांगली. त्यांची पोरं माझ्याच गळ्यात. शेवटी घोटभर पाणी द्यायला कुणी नव्हतं. आणि तुझा साहेब विचारतो, म्हातारे किती!"

"मी सांगून थकले. देश तरुण आहे म्हणतात."

"मग मी काय म्हातारीच जन्मले होते गं?"

हेमांगीचं डोकं भणभणतं. मेल्यावरही ही बाई पाठ सोडत नाही. "अहो, मी करू तरी काय?"

"पोरांना वाढ."

अंगणात ताटं घेऊन पोरांची ही रांग. हेमांगी उकडलेली केळी वाढत जाते. वळून बघते तर पहिल्याचे केस पिकलेले, दुसरीचं बोळकं झालेलं. सगळी एकदमच म्हातारी झालीत, रिकामी ताटं पुढे करून उभी आहेत, आणि वाढायला दुसरं कुणी नाही.

"जाजा, एवढ्यांना मी एकटी कशी पुरणार?" तिला रडू फुटतं.

"मला काय विचारतेस? मी मेलेय. जिवंत आहेत त्यांना विचार."

फोन वाजतो. हेमांगी दचकून जागी होते.

"काढलं का ते प्रकरण?" साहेब.

"नाही. काढणारही नाही. साहेब, ही योजना संपेल तेव्हा तुमचं वय काय असेल?"

हेमांगी फोन कानाशी धरून गुडघे चोळत राहते. चटईची वीण कातडीवर लालभडक उमटलीय, काही केल्या जात नाही.