दगडावरचा जिल्हा

उदगीरकडच्या आमच्या गावाच्या वेशीवरल्या दगडावर जिल्ह्याचं नाव रंगवणारा एक म्हातारा होता. जुनं नाव चुन्यानं पुसण्याआधी तो त्यावर तळहात ठेवून पुटपुटायचा, "पोलिस ॲक्शन झाली, निजाम गेला. मग बिदर जिल्हा गेला. मी हितंच हाय."

उस्मानाबाद तोडून लातूर जिल्हा झाला तेव्हा दुष्काळ होता. चुना कालवायला त्याला कशीबशी बादलीभर पाणी मिळालं. ते त्यानं एका म्हशीला पाजलं आणि कुंचला काखेत मारून घरी गेला. दगडावर उस्मानाबादच राहिलं.

दुसऱ्या दिवशी लातूरचा टँकर आला. ड्रायव्हरनं दगड वाचला, "हे आपल्या जिल्ह्यात न्हाई," म्हणाला आणि वेशीवरूनच वळला.

सगळं गाव म्हाताऱ्याला शिव्या देत होतं. म्हैस आमच्या घरची होती.