पाहुण्यांच्या रंगाची जर्शी

हसायचं न्हाई असं आधी कबूल करा, मग सांगतो. बघा, मी तोंड उघडलं न्हाई तोवर हा गालात हसून राहिला. चहा येऊ द्या, सांगतो.

तर मी टेलर. नांदेडात देगलूर नाक्याला दुकान हाय, आजोबांपासूनचं. शाळेचे युनिफॉर्म, लग्नाच्या शेरवान्या, बँडवाल्यांचे कोट, सगळं शिवतो. माणूस दुकानासमोरून नुसता चालत गेला तरी त्याची छाती-कंबर माझ्या डोळ्यात बसते. फुटबॉलचं म्हणाल तर मला एवढंच ठाऊक, की बावीस जण एका चेंडूमागं पळतात आणि त्यांच्या चड्ड्या आखूड असतात.

पण माझा भाचा इम्रान, आमच्या थोरल्या आपाचं पोरगं, त्याला ह्या खेळाचं येड. चेंडू त्याच्या पायाला चिकटल्यावाणी चालायचा. मोहल्ल्याच्या क्लबात खेळायचा. लातूरवाल्यांशी मॅच असली की आमच्याकडची निम्मी दुकानं शटर ओढून मैदानावर. त्याच्या बापाला, म्हंजे आमच्या दाजींना, हे पसंत नव्हतं. दाजींचं टायर-पंक्चरचं दुकान. त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, "ह्या मॅचला कुणी उचललं तर जा बाबा. न्हाई उचललं तर सोमवारपास्नं गपगुमान दुकानात बसायचं. पुन्हा चेंडूचं नाव घ्यायचं न्हाई."

आता ही मॅच कोणती? देशाची ती मोठी लीग हाय ना, टीव्हीवर दिसते, पगारी खेळाडूंची? तिच्यातल्या एका क्लबची ज्युनिअर टीम हैदराबादला जाता जाता नांदेडला उतरणार होती. क्लबचं नाव सांगत न्हाई. त्यांची इज्जत कशाला घालवू, माझी गेली तेवढी पुरे. तर आमच्या पोरांशी ते एक मॅच खेळणार होते, आणि त्यांच्या कोचला एखादं पोरगं भावलं तर सोबत घेऊन जाणार होते.

आमच्या क्लबचे कर्तेधर्ते जाधव सर. शाळेत पीटी शिकवतात. ते दुकानात आले आणि म्हणले, "रशीदभाई, अकरा जर्शा शिवा. पांढऱ्या. पाहुण्यांना फोनवर तसं कळवलंय."

"सर, तुम्ही बेफिकीर राहा," मी म्हणलो.

इथवर सगळं ठीक होतं. पण मला मध्येच डोकं चालवायची खोड. मी मोबाइलवर पाहुण्यांच्या क्लबचे फोटो काढून बघितले. झकास नारिंगी जर्शी, कॉलरला काळी पट्टी. आणि मला वाटलं, पाहुणे एवढ्या लांबून येणार आणि आपण पांढरे कपडे घालून उभं राहायचं? मयतीला आलोय का आपण?

लग्नात बघा तुम्ही. नवरीकडचे आणि नवऱ्याकडचे एकाच रंगाचे फेटे बांधतात. का? आता आपण एक झालो म्हणून. किनवटच्या एका लग्नात दोन्हीकडचे फेटे मीच एका ताग्यातून काढून दिले होते, तर व्याह्यांनी मला मांडवात मिठी मारली. म्हणलं, पाहुण्यांचा असाच मान ठेवायचा. कोच खूश, क्लब खूश, इम्रान पास.

आणलेलं पांढरं कापड दुकानदाराला परत दिलं आणि बाजार पालथा घातला. हुबेहूब तोच नारिंगी रंग मिळवला. कॉलरची काळी पट्टी सुद्धा सोडली न्हाई. आणि कुणाला सांगितलं न्हाई, कारण आहेर काय कुणी आधी उघडून दाखवतं का?

मॅचच्या सकाळी मैदानावर जाधव सरांनी गठ्ठा सोडला. आधी त्यांनी जर्शीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"रशीदभाई, हे काय?"

"मान, सर."

"कुणाचा मान?"

"पाहुण्यांचा. हुबेहूब काढलाय. पट्टी बघा."

सर मटकन खाली बसले. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात पाहुण्यांची गाडी आली, नारिंगी पोरं खाली उतरली, आणि एका मैदानात बावीस नारिंगी पोरं एकमेकांकडं बघत उभी राहिली. इम्रान माझ्या कानाशी येऊन म्हणला, "मामू, ये क्या कर डाले तुम?" तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला न्हाई. मला ते दृश्य लई देखणं वाटून राहिलं होतं.

त्यांचा कोच उंच, किडकिडा, दक्षिणेकडचा माणूस. हिंदी एकेक शब्द जोखून बोलायचा. जाधव सरांना म्हणला, "आपने बोला था सफेद. हम दूसरा सेट नहीं लाए."

सर म्हणले, "चेहऱ्यानं ओळखतील पोरं. सुरू तर करू."

सुरू केलं. काय सांगू. आमच्या संतोषनं, तो डिफेन्सला असतो, अंगानं भक्कम, एक असा सुरेख पास दिला की मीसुद्धा टाळ्या वाजवल्या. पास गेला त्यांच्या पोराला. त्यानं गोल केला. संतोष पळत जाऊन त्याच्याच गळ्यात पडला. आमच्या इम्राननं तीन जणांना चकवून चेंडू पुढं काढला, त्यातले दोन आमचेच होते. रेफ्रीनं फाउल दिला तर दोन्ही टीम हात वर करून उभ्या. शेवटी त्यांचा कोच शिट्टी फुंकत आत घुसला.

"बंद करो. मुझे कुछ नहीं दिख रहा. कौन किसका है, पता नहीं."

तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं, की ह्या खेळात कपड्याचा रंग मानासाठी नसतो. आपण नुसता गोंधळ घातला न्हाई, भाच्याच्या नशिबावर कापड पांघरलं. मैदानाच्या कडेला दाजी उभे होते, हाताची घडी घालून. माझ्याकडंच बघून राहिले होते.

कुणी म्हणलं, उघड्यानं खेळा. तर मुलींची शाळा मॅच बघायला आलेली. कुणी म्हणलं, घरचे शर्ट घाला. तर अकरा घरचे अकरा रंग. कोच घड्याळ बघून म्हणला, "एक रंग का कुछ भी लाओ. हमारी गाड़ी है. नहीं तो हम निकलते हैं."

एका रंगाचे अकरा नग नांदेडात त्या वेळी कुठं असणार? माझ्या दुकानात होते. बँडवाल्यांचे कोट. लाल मखमल, सोनेरी झालर, खांद्यावर झुपके, पितळी बटनं. रिक्षा केली आणि घेऊन आलो. आता एक बारीक गोष्ट. त्या कोटांच्या बाह्या अजून कच्च्या टाक्यावर होत्या. बँडमास्तर दुपारी ट्रायलला येणार, माप बघणार, मग मी पक्की शिलाई मारणार, असं ठरलेलं. हे मला आठवलं न्हाई का? आठवलं ना. पण मी विचार केला, फुटबॉल पायानं खेळतात, बाहीचं काय काम?

आमची टीम मैदानात उतरली तेव्हा मुलींच्या शाळेनं उभं राहून टाळ्या दिल्या. एक जण ओरडला, "वरात कुठं हाय?" ऊन चांगलंच तापलेलं. मखमलीच्या आत पोरं उकडून निघाली. पण इम्रान काय खेळला. मला खेळातलं कळत न्हाई म्हणलं ना, पण ते मलासुद्धा कळलं. डावीकडून असा सुटला की झुपके मागं उडायला लागले. एकानं त्याचा दंड धरला, तर कोटाची बाही त्याच्या हातात आली. इम्रान तसाच पुढं गेला आणि गोल केला.

सगळं मैदान नाचत होतं आणि मी मात्र मान खाली घालून उभा. एवढ्या लोकांपुढं माझ्या दुकानाच्या कपड्याची बाही निघाली हो. टेलरला ह्याहून मोठी बेइज्जती कोणती? मध्यंतराची शिट्टी वाजली तसा मी इम्रानला धरला, खिशातनं सुई काढली, दोरा दुहेरी नव्हे चौपदरी घेतला, आणि बाही अशी पक्की लावली की बस.

"मामू, पानी तो पीने दो," तो म्हणत होता.

"उभा राहा सरळ," मी म्हणलो.

आणि इथंच घात झाला. मला काय माहीत, पलीकडं कोच आपल्या माणसाला सांगत होता, की तो एका बाहीचा पोरगा मला पाहिजे, संपल्यावर त्याला माझ्याकडं आण.

दुसऱ्या डावात झटापटीत संतोषची बाही निघाली. मॅच संपली. कोच दोन मिनिटं फोनवर बोलला, मग वळून म्हणला, "एक बाहीवाला कहाँ है?"

सगळ्या मैदानात एकच एका बाहीचा. संतोष. तो बिचारा चालत पुढं गेला. कोचनं त्याच्याकडं वरून खाली बघितलं. थोडा जाड वाटला असंल, पण कोट सगळ्यांनाच फुगवत होता. त्यानं संतोषच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणला, "बहुत अच्छा. घर में पूछ लो. आज ही चलना है."

मी इम्रानकडं बघितलं. दोन्ही बाह्या शाबूत, झालर सरळ, एकदम टापटीप उभा. डोळे भरलेले. पलीकडं दाजींनी घडी सोडली आणि घराकडं चालायला लागले. मी धावत कोचकडं गेलो.

"साहब, वो नहीं. एक बाहीवाला ये है, मेरा भांजा. बाही मी लावली. मैंने सिया."

कोच शांतपणे म्हणला, "सब मामा यही बोलते हैं."

"साहब, कच्चा टाका था. अभी निकाल के दिखाता."

आणि मी इम्रानची बाही ओढली. निघाली न्हाई. पुन्हा ओढली. न्हाई. पाय रोवून ओढली, तर इम्रानच माझ्या अंगावर आला. जाधव सर आले, त्यांनी त्याला कमरेला धरलं आणि मी बाहीला लटकलो. संतोष लई सरळ पोरगा. तो म्हणला, "हाव सर, गोल त्यानंच केला, मी तर पडलो होतो," आणि तोही ओढायला लागला. आयुष्यभर ज्या शिलाईची वाट बघितली ती माझ्या हातून त्या दिवशी झाली होती. शेवटी तिघांनी मिळून असा हिसका दिला की कोट पाठीवर उभा फाटला, मागची पूर्ण मखमल जाधव सरांच्या हातात आली, पण बाही जागेवरच.

ह्याच वेळी बँडमास्तर आले. दुकान बंद दिसलं म्हणून विचारत विचारत मैदानावर पोचले होते. त्यांनी घामानं निथळणारे आपले अकरा कोट बघितले, जाधव सरांच्या हातातली पाठ बघितली, आणि एवढंच म्हणले, "रशीदभाई, संध्याकाळी विष्णुपुरीला वरात हाय."

कोच इतका हसला, इतका हसला की त्याला खाली बसावं लागलं. मग डोळे पुसत त्यानं इम्रानपुढं चेंडू टाकला. "छोड़ो बाही. खेल के दिखा."

इम्राननं तो फाटका कोट अंगावरून काढून माझ्या हातात दिला, चेंडू घेतला आणि डावीकडून सुटला. कोचचे चार डिफेंडर समोर होते. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा चेंडू जाळीत होता आणि दाजी फाटकापाशी थांबून बघून राहिले होते. मग ते परत आले, कोचपुढं उभे राहिले आणि म्हणले, "साहेब, पोरगं जेवायला लाजतं, तेवढं बघा." मला रडू आलं, खोटं कशाला बोलू.

कोच म्हणला, "खाना, रहना, पढ़ाई, सब क्लब देखेगा. कपड़े भी क्लब देगा." मग माझ्याकडं बघून पुन्हा सावकाश म्हणला, "सब कपड़े."

बँडवाल्यांचं काय झालं? होणार काय. त्या संध्याकाळी विष्णुपुरीच्या वरातीत ते आमच्या अकरा नारिंगी जर्शा घालून वाजवत होते. नवरीकडच्यांनी विचारलं, हे कुठलं नवीन पथक? बँडमास्तर म्हणले, नांदेडचं. माझ्याशी ते बरेच दिवस बोलले न्हाईत. नवे कोट शिवून दिले तेव्हा प्रत्येक बाही आधी स्वतः ओढून बघितली.

इम्रान आता त्या क्लबातच हाय. मोठ्या टीमच्या बाकावर बसतो म्हणे, कधी कधी टीव्हीवर खांदा दिसतो. दाजी येईल त्या गिऱ्हाइकाला तो खांदा दाखवतात. ईदला घरी आला तेव्हा माझ्यासाठी क्लबच्या दुकानातला शर्ट घेऊन आला. रेडिमेड. कुणाचं माप न घेता मशीनवर ढिगानं शिवलेला.

मी गिऱ्हाईक नसताना आरशापुढं घालून बघितला. चूक काढायची म्हणूनच घातला. खांदा बघितला, मुंढा बघितला, बाही दोनदा ओढून बघितली. काही सापडलं न्हाई. मग काय, घालून राहिलो. परवा एक जण पँट टाकायला आला. माझ्याकडं बघून पँट पुन्हा पिशवीत घातली आणि म्हणला, "मास्तर, शर्टाची फिटिंग एक नंबर हाय. तुमचा टेलर कोण?"