आकडा का नाव?

कॉम्प्युटरचा विषय निघाला की कारखान्यातली आम्ही जुनी मंडळी एकमेकांना बोलूच देत नाही. एकाचा किस्सा संपायच्या आत दुसऱ्याचा सुरू! पण तेरा अक्षरांचं प्रकरण माझं आहे, ते मीच सांगणार.

साल दुष्काळाचं. विहिरींनी तळ गाठलेला, ऊस उभ्या उभ्या वाळत होता. कुणाचा आधी तोडायचा, ती पाळीची यादी कॉम्प्युटरनं काढायचं ठरलं. ज्याच्या उसाची लागण आधी, त्याचा आकडा आधी. प्रोग्रॅम सुमनताईंकडे. त्या भूम गावच्या, आधी आमच्याच टायपिस्ट. चेअरमनसाहेबांनी बजावलं, "सोमवारच्या मीटिंगला यादी निघाली न्हाय तर मशीन परत, अन् तुम्ही परत टाईपरायटरवर!"

*

लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत नेतो तो कंपायलर. आमचा फार तुसडा! चुकलं की एकच बोलायचा, 'टाईप मिसमॅच'.

सुमनताईंनी अडलेली ओळ चारदा नव्यानं टाईप केली. चारदा तेच! मग भडकल्याच, "दहा वर्षं झाली, माझ्या टायपिंगला कुणी नाव ठेवलं न्हाय!"

तेर गावचे शब्बीरभाई आमचे मशीनवाले. ते म्हणाले, "ताई, टायपिंगचं न्हाय वो ते. आकड्याच्या डब्यात तुम्ही नाव घातलंय. मिठाच्या बरणीत साखर!"

"मग तसं सांगायला ह्याची जीभ झडली का?"

मी उडालोच! खरंच की!

*

शब्बीरभाईंनी कंपायलरची फाईल उघडली अन् तो मेसेज हुडकला. बदलता येत होता, पण अट एकच. मोकळी जागा धरून इंग्रजी अक्षरं जुन्या मेसेजइतकीच, म्हणजे तेराच, एकही जास्त न्हाय! दोन दिवस आम्ही बोटं मोजत बसलो. शेवटी इंग्रजी लिपीत बसवलं, 'इथे आकडा दे!' उद्गारचिन्हासकट बरोब्बर तेरा! लई नाचलो.

चेअरमनसाहेब बघायला आले. वाचलं अन् लाल झाले, "हे मला अरे-तुरे करतंय?"

उद्गारचिन्ह काढलं, 'दे'चं 'द्या' केलं. मान दिला, तरी तेराच!

*

दुसऱ्या दिवशी एक हवालदार चहाला टेकले. पडद्यावर 'इथे आकडा द्या'. कप खाली ठेवून हळूच म्हणाले, "कारखान्यात मटका कधीपासून?"

"तौबा, तौबा!" म्हणत शब्बीरभाईंनी प्लगच उपटला.

*

वर तो मेसेज निम्मा खोटा! नावाच्या डब्यात आकडा गेला तरी आकडाच मागायचा. सुमनताईंचा अख्खा दिवस त्यात गेला. मग त्यांनीच सुचवलं, 'आकडा का नाव?'

मोजलं. तेरा!

*

सोमवार उजाडला. सगळे संचालक मशीनभोवती. सुरू करणार, तेवढ्यात चेअरमनसाहेब सुमनताईंच्या कानाशी वाकले, "माझं नाव सगळ्यात वर घ्या." मी शेजारीच होतो, ऐकलं.

सुमनताईंनी पाळीचा आकडा टाकायच्या जागी साहेबांचं नाव टाईप केलं अन् कंपायलर सुरू केला. तो तिथंच अडला.

मागचे एक संचालक ओरडले, "काय म्हणतंय वो ते?"

सुमनताईंनी पडदा सगळ्यांकडं फिरवला अन् मोठ्यानं वाचलं, "आकडा का नाव?"

साहेबांनी पडद्याकडं बघितलं, संचालकांकडं बघितलं, टोपी नीट केली.

"आकडा," ते म्हणाले, "आकडाच टाका!"